बोटीत पाणी कुठून येत होतं

भिलाईच्या वैशाली नगरात आता शेत उरलेलं नाही, तरी हरेलीच्या सकाळी कुणीतरी येऊन आमच्या फाटकाला कडुनिंबाची डहाळी खोचून जातं. आपली आषाढातली अमावास्या तीच इथली हरेली. नांगर, कुदळ, फावडं धुऊन मांडायचं, पूजा करायची, आणि गावच्या लोहारानं घरोघर फिरून दाराच्या चौकटीत एकेक खिळा ठोकायचा. वर्षभर घराची राखण त्या खिळ्याकडे. यंदा सून म्हणाली, "बाबा, ये डाली देखते ही आपका चेहरा क्यों उतर जाता है?" मी म्हणालो, काही नाही. तिला मराठी कळतं, बोलत नाही. मला बोलता येतं, पण बोललो नाही. या घरात असं बरंच चालतं.

हरेलीनंतर पोळा, आणि पोळ्यानंतर तीजा, म्हणजे आपली हरतालिका. त्या मधल्या दिवसांना एक वास असतो. भिजलेलं तागाचं पोतं, डिझेल आणि पाण्याखाली गेलेलं गवत यांचा मिळून एक वास. नेहरू नगरच्या हायवेवर पावसात ट्रक उभे असले की तो अजून येतो. मी रस्ता ओलांडायचा थांबतो आणि मागून लोक हॉर्न वाजवतात.

त्या काळी भिलाई नावाचं एक जुनं गाव होतं आणि भिलाई नावाचं दुसरं काहीतरी उभं राहत होतं. आम्ही दोन्हींच्या मधल्या चिखलात राहत होतो. तंबू, टिनाच्या चाळी, लाल मुरमाचे ढीग. सगळ्यांच्या भुवयांवर सिमेंट. मी भंडाऱ्याकडचा. घरी धानाची जमीन थोडी आणि भाऊ जास्त. तुमसरच्या धानगिरणीत डिझेल इंजिन शिकलो होतो, तेवढ्या बळावर इथे पाण्याच्या खात्यात रोजंदारीवर मेकॅनिक लागलो. रोजंदारी म्हणजे आज आहे, उद्याचं साहेबाला माहीत. पक्कं होणं हा एकच शब्द तेव्हा आमच्या डोक्यात असायचा. झोपेतही.

पोलादाच्या कारखान्यासाठी एक मोठा तलाव भरून घेतला होता. नवं पाणी, जुन्या शेतांवर चढलेलं. बांधावरच्या बाभळी बुडून शेंडे तेवढे वर राहिले होते आणि त्यांवर बगळे बसायचे. त्या पाण्यावर खात्याची एक लहान लाकडी मोटरबोट होती. तळातला गाळ मोजायला आणि पलीकडच्या पंपघराला सामान पोचवायला. पावसात तलावाच्या कडेचा रस्ता मांडीपर्यंत रुतायचा, म्हणून पलीकडच्या गावांतून कामावर येणारे मजूर, त्यांतही डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बाया, ज्यांना इथे रेजा म्हणतात, बोटीतूनच ये-जा करायच्या. ते कुठल्या नियमात नव्हतं. पण नको कोण म्हणणार?

बोट चालवायचा मंगलू केवट. चाळिशीचा, रुंद पंजांचा, बोलायला हळू. इंजिन मी बघायचो, बाकी बोट त्याची. रोज ग्रीस भरणं, पाणी उपसणं, दोर वाळवणं. सकाळी चढण्याआधी तो ओंजळभर पाणी बोटीच्या तोंडावर शिंपडायचा. हरेलीला त्यानं गावच्या लोहाराला बोलावलं आणि बोटीच्या तोंडाशी, बाहेरून, काठाच्या जरा खाली, एक जाडजूड खिळा ठोकून घेतला. नारळ फोडला, मलाही खोबरं दिलं. मी ते खाल्लं. हेही लिहायला हवं.

दोन-चार दिवसांत निरोप आला की रशियन इंजिनियर बोटीतून तलाव पाहायला येणार आहेत. आमचे सुपरवायझर पराडकर साहेब दुर्गच्या जुन्या मराठी घरातले, पान खाणारे, मोकळे. ते म्हणाले, "वामन, बोट जरा चकाचक दिसली पाहिजे. नाहीतर पाहुणे म्हणतील, हे लोक पोलाद काय करणार!" एवढंच. खिळ्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. खिळा माझ्या डोळ्यांना खुपला. धानगिरणीत मी नवा नवा शहाणा झालो होतो. यंत्राला नजर लागत नाही, असं चारचौघांत म्हणायची मला हौस होती.

मी जंबूर घेऊन गेलो तेव्हा मंगलू दोर गुंडाळत होता.

"झन निकाल ग बाबू," तो म्हणाला. काढू नको. "साल भर के रखवार ए."

"अरे मंगलूभैया, ही सरकारी बोट हाय. सरकारच राखून राहिलं तिले," मी म्हणालो, आणि काठावरच्या पोरांकडे बघून हसलो.

खिळा फळीच्या टोकाशी होता आणि भिजून फुगलेल्या लाकडात घट्ट बसला होता. मी पाय लावून ओढला. खिळा आला, त्याच्याबरोबर एक बारीक आवाजही आला, वाळकी काडी मोडल्यासारखा. फळी रेषेनं उकलली होती, भोकापासून वीतभर. मी इकडेतिकडे पाहिलं. मंगलूनं तोंड फिरवलं होतं. खिळा निघताना त्याला पाहायचंच नव्हतं. मी चिरेवर डांबराचा हात फिरवला. काळ्यावर काळं, काही दिसेना. ती जागा पाण्याच्या बरीच वर होती, त्यामुळे मी तिला विसरूनही गेलो. अगदी खरं सांगतो, विसरलो.

पाहुणे आले, गेले. त्यानंतर बोटीत पाणी येऊ लागलं.

सकाळी पाहावं तर तळ कोरडा. दिवसभर फेऱ्या झाल्या की मागे, इंजिनाच्या पायाशी, घोट्याएवढं पाणी. पाणी मागेच जमतं, कारण बोट मागेच जड असते. म्हणून सगळ्यांचा संशय मागच्या बाजूवर. पंख्याचा दांडा जिथून तळातून बाहेर जातो तिथे ग्लँड असतो. ग्रीस लावलेली दोरी त्यात ठासून भरतात. तो जरासा ठिबकतो, ठिबकायलाच हवा. मी तो उघडला, नवी दोरी भरली, आवळला. पाणी आलंच. मग इंजिन थंड ठेवायला तलावाचं पाणी ओढणारी रबरी नळी बदलली. पाणी आलंच. पावसाचं असेल म्हणून ताडपत्री घातली. ताडपत्रीखाली आम्ही उकडून निघालो आणि पाणी आलंच.

शेवटी बोट काठावर ओढली. पाणी आत कुठून येतं हे कळत नसेल तर आत पाणी भरून ते बाहेर कुठून जातं ते पाहायचं, ही जुनी युक्ती. रेजांनी घमेल्यांनी पाणी आणून ओतलं. त्यांतली सुकवारो पुढारी. शुक्रवारी जन्मली म्हणून सुकवारो. कंबरेला चार वर्षांची मुलगी, डोक्यावर घमेलं आणि तोंड अखंड चालू.

"मिस्त्री बाबू, पानी कहाँ ले आवत हे? तोर पसीना त नो हे?"

बाया खदखदल्या. मी बोटीखाली चिखलात आडवा होतो, वर बघत, थेंबाची वाट पाहत.

"बाहेर एक थेंब नाही," मी ओरडलो.

"त डोंगा ह रोवत होही, मइके जाए बर!" सुकवारो म्हणाली. बोट माहेरी जायला रडत असेल.

त्या दिवसांत सगळं माहेराभोवतीच फिरत होतं. तीजाला इथली लग्न झालेली प्रत्येक बाई, म्हातारी असो की नवी, माहेरी जाते. भाऊ न्यायला येतो. आदल्या रात्री माहेरच्या चुलीवरचा कारल्याचा भात खायचा, आणि मग दिवसभर पाण्याचा घोटही नाही. तो भात चुकला तर वर्ष चुकलं. सुकवारोचं माहेर पलीकडच्या काठावर होतं. भाऊ तिकडेच थांबणार होता. या बायांना बोट हवी होती आणि बोटीचा आजार सापडत नव्हता.

पराडकर साहेब रोज विचारायचे, "काय रे, सापडलं का?" आधी हसून, मग न हसता. एकदा म्हणाले, "पक्क्या करायच्या माणसांची नावं पाठवायची आहेत, वामन. एक भोक सापडत नाही म्हणून तुझं मागे ठेवू का?" गमतीत म्हणाले असतील. 

आम्ही बोट तपासली ती रिकामी. बांधलेली रिकामी, चालवलेली रिकामी, काठावर पाणी भरलेली तीही पाय ठेवायच्या तळफळ्यांच्या पातळीपर्यंतच, सांधे फाटू नयेत म्हणून. माणसं भरली की बोट खाली बसते आणि तिचं तोंड खाली जातं, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. ते रोज डोळ्यांपुढे होतं. डोळ्यांपुढे असतं ते दिसायला मात्र दिवस लागतात.

तीजाच्या तीन दिवस आधी, पोळ्याची दुपार. सुट्टीची घाई, बोट गच्च. मी तळात कोरड्या सिमेंटची भुकटी पसरली होती, म्हणजे पाणी जिथून धावेल तिथे काळी रेघ उमटेल. मधोमध जाताच रेघ उमटली. ती मागून नव्हे, पुढून येत होती. मी बायांच्या पायांतून रांगत पुढे गेलो. तोंडाशी दोर आणि नांगर ठेवायचा झाकणाचा खण होता. झाकण काढून डोकं आत घातलं. अंधारात पाण्याचा एक सपाट पडदा फळीवरून उतरत होता. हात लावला. वीतभर चीर, आणि एका टोकाला खिळ्याचं गोल भोक. अंगठ्याचं टोक त्यावर बरोबर बसलं.

वरून सुकवारोचा आवाज आला, "मिलिस का, बाबू?"

मी डोकं बाहेर न काढता म्हणालो, "नाही."

आज इतक्या वर्षांनी सगळं बाजूला सारून पाहिलं तर माझ्या हातून घडलेलं ते एवढंच आहे. बाकीचं त्या "नाही"च्या मागून आलं. खरं सांगितलं असतं तर बोट बंद झाली असती, फळी बदलायला आठवडा गेला असता, बायांना चिखलातून लांबून जावं लागलं असतं, मंगलू माझ्याकडे नुसता बघत राहिला असता, आणि साहेबांनी विचारलं असतं, खिळा कुणी काढला? मी संध्याकाळी चिरेत ताग आणि धुण्याचा साबण ठासला. वरून डांबर. तीजा होऊ दे, मग फळी सडली म्हणून बदलून टाकू, असं ठरवलं. साहेबांना जाऊन सांगितलं, "सापडलं जी. ग्लँडच होता."

"शाबास," ते म्हणाले, आणि डबीतून पान दिलं.

दोन दिवस बोट कोरडी राहिली. साबणानं तेवढं काम केलं.

तीजाच्या आदल्या दुपारी बाया निघाल्या. गाठोडी, बेसनाच्या ठेठरीचे डबे, केसांना तेल, पायांना लाल माहूर, म्हणजे अळता. मी काठावर होतो. वारा होता आणि पाण्यावर लाटा उठल्या होत्या. बोटीचं तोंड लाटेत जात होतं, वर येत होतं. सुकवारोनं मुलीचा हात धरून माझ्याकडे हलवला. मीही हलवला.

इंजिनाचा आवाज मला ओळखीचा, आईच्या खोकल्यासारखा. मध्यावर तो बदलला. इंजिनाचं चाक बोटीत भरलेलं पाणी उडवू लागलं की तसा होतो. मग थांबला. शांततेत पाण्यावरून बायांचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं, आधी बोलणं, मग ओरडणं. त्या उभ्या राहिल्या. मंगलू "बइठव! बइठव!" करत होता. बोट एका अंगावर गेली, सावकाश, कूस बदलल्यासारखी.

मंगलू कितीदा बुडी मारून आला ते मला सांगता येणार नाही. बहुतेक बाया बाभळीच्या शेंड्यांना धरून राहिल्या, काट्यांनी हात फाटले तरी. सुकवारोची मुलगी बिसाहिन त्यानं केसांना धरून आणली. सुकवारो मिळाली दुसऱ्या दिवशी, तीजाच्या दिवशी. भाऊ पलीकडच्या काठावर उभा होता. त्याला पोहता येत नव्हतं.

बोट ओढून काढताना पुढचा दोर मी बांधला, म्हणजे चिरेवर पुन्हा काळं फिरवता येईल. माझ्या हातात डांबराचा डबा होता, आणि कुणी विचारलं नाही की का. वरचे साहेब आले, काठावरच चौकशी झाली, सगळे गोल उभे. ग्रीस रोज कोण भरतं? मंगलू म्हणाला, "मैं, साहब." मला विचारलं, दोष काय होता? मी म्हणालो, "ग्लँड टपकत होता. दुरुस्त करून दिला होता. ग्रीस भरत जा म्हणून याले सांगितलं होतं."

मंगलूनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. मला वाटलं, त्याला कळलं. तेव्हा पराडकर साहेब पान थुंकून हळूच म्हणाले, "जाऊ दे, गरीब माणूस आहे." पण जाऊ दिलं नाही. मंगलूला काढून टाकलं. बाया गावागावांत सांगत फिरल्या की मंगलूनं हरेलीचा खिळा काढू दिला म्हणून बोट बुडाली. साहेब लोक हसले. मी हसलो नाही, कारण बाया बरोबर होत्या. त्यांना वाटत होतं त्या रीतीनं नव्हे, पण खिळा काढला म्हणूनच बोट बुडाली होती.

मी पक्का झालो. पुढे कारखान्यात गेलो, सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं, लग्न झालं, मुलं शिकली. माणसाचं आयुष्य सरळ रेषेत चांगलं होत जाऊ शकतं, आत काहीही असलं तरी. हे कुणी आधी सांगत नाही.

खूप वर्षांनी, माझे केस पिकल्यावर, सुपेल्याच्या बाजारात मंगलू दिसला. पोळ्याच्या आधीची गर्दी, सायकली, भज्यांचा धूर. कापडाच्या दुकानात तो लुगड्याचा भाव करत होता. पाठ वाकली होती. मला वळून जाता आलं असतं, पण त्यानंच ओळखलं.

"मिस्त्री बाबू! जीयत हस ग!" किती आनंद झाला होता त्याला!

चहा घेतला. वीटभट्ट्यांवर कुठे कुठे फिरला ते सांगितलं. नावेला परत हात लावला नाही म्हणाला. मी विचारलं, लुगडं कुणाला? तर म्हणाला, सुकवारोच्या नोनीला. बिसाहिनला. तिला वाढवणारा मामा, सुकवारोचा भाऊ, दारू पिऊन लवकर गेला, मग तिला माहेर कोण? तेव्हापासून दर तीजाला तोच न्यायला जातो, कारल्याचा भात खायला घालतो, लुगडं देतो. मजुरी मिळो न मिळो.

"तू का?" मी विचारलं.

"मोर गलती रिहिस न," तो म्हणाला. "खीला मोर आघू म निकलिस. मैं मुँह फेर लेंव." खिळा माझ्यापुढे निघाला, आणि मी तोंड फिरवलं.

ते माझ्या जिभेवर आलं होतं. खिळा नव्हे, मंगलूभैया, चीर. चीर मला सापडली होती. मी चहाचे पैसे दिले आणि म्हणालो, "येतो." एका आयुष्यात तेच पाप दुसऱ्यांदा करायची संधी सहसा मिळत नाही. मला मिळाली, आणि मी ती सोडली नाही.

मंगलू गेल्याचं उशिरा कळलं. तोवर मीही पाय ओढत चालू लागलो होतो.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑटो करून बिसाहिनच्या गावी गेलो. सुनेला सांगितलं, दवाखान्यात जातो. पिशवीत लुगडं होतं, चांगलं, काठाचं. बिसाहिन आता म्हातारी आहे. ओसरीवर चटई टाकून दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, माझ्या मोडक्या छत्तीसगढीत, जिथे अडलो तिथे मराठीत. साबणापर्यंत सांगितलं. "मिलिस का, बाबू?" पर्यंतही.

ती तांदळातले खडे काढत राहिली. मग मी लुगडं पुढे केलं. तिनं ते हातात घेतलं, पोत पाहिला, जसा बाया पाहतात, आणि माझ्या पिशवीत परत घातलं.

"ममा के हाथ ले मइके आवत रिहिस," ती म्हणाली. "तोर हाथ ले त कपड़ा आही." मंगलूमामाच्या हातून माहेर यायचं. तुझ्या हातून कापड येईल.

मी उठू लागलो तर म्हणाली, "बइठ." आणि उठून शेजारच्या दारांत हाका मारत गेली. तीजाला आलेल्या माहेरवाशिणी जमल्या, म्हाताऱ्या, तरुण, मोबाइल घेतलेल्या. त्यांच्या घरांत मंगलूचं नाव अजून बोट बुडवणारा म्हणूनच चालतं. ती म्हणाली, "अब फेर ले बता. जोर से." आता पुन्हा सांग, मोठ्यानं.

मी पुन्हा सांगितलं. संपल्यावर मागे उभी असलेली एक तरुण मुलगी म्हणाली, "फेर तैं लबारी काबर मारे, बबा?" खोटं का बोललास?

इतकी वर्षं मी या प्रश्नाची तयारी करत होतो. भीती, वय, गरिबी, सगळी उत्तरं रचून ठेवली होती. तोंडातून एवढंच निघालं:

"मले पक्कं व्हायचं होतं."

तिला कळलं नाही. बिसाहिननं सांगितलं, "नौकरी बर." नोकरीसाठी.

"नौकरी बर," त्या मुलीनं एकदा म्हणून पाहिलं. मग ती भाजी चिरायला आत गेली, आणि तिच्या मागोमाग एकेक करून बाकीच्या.